रंगांचा इंजिनिअर : कलामहर्षी बाबूराव पेंटर

एक साधा प्रश्न विचारते. जो सिनेमा पडद्यावर फक्त काळा-पांढराच दिसणार आहे, त्यातल्या पात्रांच्या कपड्यांवर आणि घरांच्या भिंतींवर कुठला रंग द्यायचा, यावर डोकं खपवायची काही गरज आहे का? आपल्यापैकी बरेचजण लगेच नाही म्हणतील. कुठलाही रंग द्या, शेवटी सगळं करडंच दिसणार! पण शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात एक कलावंत असे होऊन गेले, की ज्यांचा सगळा जन्म रंगात गेला आणि ज्यांनी नाव काढलं ते मात्र बिनरंगाच्या सिनेमात. एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात पाना! त्यांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो कलामहर्षी बाबूराव पेंटर या नावाने.

आता तुम्ही म्हणाल, यवतमाळ जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या या मुलीला कोल्हापूरचे पेंटर कुठे भेटले? त्याला कारण आमचा रोबो. आम्ही चौघं मिळून यंदा एक छोटी थ्रीडी फिल्म करतो आहोत. तिचा हीरो आहे पऱ्हाटीवर फवारणी करणारा रोबो. विषय मुद्दाम निवडला. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा सरळ तोंडावर येत होता. पाठीवर पंप बांधून त्या विषात माणसाने कशाला शिरायचं? यंत्राने शिरावं. म्हणून आमचा हा रोबो. नाव ठेवलं सालदार.

सालदाराचं मॉडेल तयार झालं. दोन तासांवरून चालेल असे चार उंच पाय, पाठीवर टाकी, कपाळावर एक कॅमेरा. आणि मग गाडी अडली ती रंगावर. एकाला तो पांढराशुभ्र, गुळगुळीत हवा होता, डोळ्यात निळा दिवा. दुसऱ्याला भडक केशरी. सॉफ्टवेअरमध्ये तर रंगांचं चाक फिरवलं की लाखो रंग हजर! गंज, चामडं, ओलं सिमेंट, घासलेलं लोखंड, सगळी टेक्स्चर्स तयार मिळतात. निवडायचं कशावरून, हे मात्र कोणी सांगत नाही. मी याचं उत्तर शोधायला लागले आणि मराठी सिनेमाच्या इतिहासात बाबूराव सापडले. त्यांची गोष्ट मला फार जवळची वाटली, कारण ती जेवढी कलावंताची आहे तेवढीच इंजिनिअरची आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव सुतारकाम आणि लोहारकाम करत. शिवाय चित्रकला आणि मूर्तिकलेतही त्यांचा हात चालत असे. आपण पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय कसाबसा पास होतो. कार्पेंट्रीचा एक जॉब, फिटिंगचा एक जॉब, जर्नलवर सही, संपलं! बाबूरावांचं बालपणच वर्कशॉपमध्ये गेलं. लाकूड, लोखंड, माती आणि रंग एकाच छपराखाली. कुठल्या आर्ट स्कूलची पदवी नाही. बघायचं, करायचं, मोडलं तर पुन्हा करायचं. कोणती वस्तू हाताला कशी लागते आणि तिच्यावर उजेड कसा पडतो, हे ज्ञान त्यांना पुस्तकाआधी बोटांनी मिळालं.

त्यांच्या नात्यातले एक भाऊ होते, आनंदराव. तेही तसेच हरहुन्नरी. दोघं मिळून संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले. तो जमाना नाटकांचा होता. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. सपाट कापडावर खांब असे काढायचे की प्रेक्षकाला वाटावं, आता याला हात लावला तर थंडगार दगड लागेल. या कामात दोघांनी एवढं नाव मिळवलं की लोक त्यांना आडनावाऐवजी धंद्याच्या नावाने हाक मारू लागले. मेस्त्रींचे पेंटर झाले ते असे.

इथे थोडं थांबू, कारण माझ्या मते बाबूरावांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली या पडद्यांत आहे. रंगवलेल्या खांबाच्या एका बाजूला उजेड असतो आणि दुसऱ्या बाजूला सावली. पण ती सावली खरी नसते. ती चित्रकाराने रंगात कालवून कायमची बसवलेली असते. नाटकात ते खपून जातं, कारण प्रेक्षक लांब बसतो आणि पडदा जागचा हलत नाही. आमच्या थ्रीडीच्या भाषेत सांगायचं तर हे उजेड बेक केलेलं टेक्स्चर झालं. म्हणजे सावली वस्तूच्या कातडीवरच छापून टाकलेली. आता समजा, अशा पडद्यासमोर कॅमेरा लावला आणि शूटिंग उन्हात केलं. ऊन डावीकडून येतंय आणि खांबावरची रंगवलेली सावली सांगते आहे की उजेड उजवीकडून येतो. शिवाय नटाची खरी सावली पडद्यावर पडली की ती राजवाड्याच्या दूरच्या गच्चीवर चढून बसते! डोळा लगेच ओळखतो की हे कापड आहे.

जो माणूस स्वतः पडदे रंगवून पोट भरतो, त्यालाच पडद्यातलं खोटं सगळ्यात आधी दिसत असणार. पुढे बाबूरावांनी आपल्या सिनेमांत रंगवलेल्या पडद्यांची पद्धत मागे टाकली आणि खरे, सगळ्या बाजूंनी उभे असलेले सेट बांधायला सुरुवात केली. ज्यात माणूस फिरू शकेल, टेकू शकेल, ज्याच्या कोपऱ्यात खरा अंधार साचेल. ज्या कौशल्याने नाव मिळवून दिलं, तेच नव्या माध्यमात चालत नाही म्हणून बाजूला ठेवायचं, याला मोठी छाती लागते.

पण हे पुढचं झालं. आधी सिनेमा कसा आला ते बघू. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि आनंदराव-बाबूराव या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आपणही सिनेमा काढायचा! पण कशाने? कॅमेरा परदेशी, किंमत आवाक्याबाहेर, त्यात १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग त्यांनी सिनेमा दाखवायचं एक जुनं प्रोजेक्टर मिळवलं आणि त्याचा अभ्यास सुरू केला. कारण प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एका अर्थाने भावंडंच. दोन्हीत फिल्मची पट्टी एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, बंद होते, पट्टी पुन्हा सरकते. सेकंदाला हे किमान पंधरा-सोळा वेळा व्हायला हवं आणि प्रत्येक वेळी पट्टी त्याच जागी थांबायला हवी. केसभर फरक पडला तर पडद्यावरचं चित्र थरथरणार. आपण ज्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणून परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहितो, ते हे दोघं भाऊ एका संस्थानाच्या गावात हाताने करत होते.

दुर्दैवाने कॅमेरा पूर्ण होण्याआधीच १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले यांत्रिक कामात फार हुशार होते. त्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि चाललाही! गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका बाईने आपली कमाई एका घरगुती कॅमेऱ्यावर लावली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं. इतिहासात तिच्या वाट्याला मात्र एखादंच वाक्य येतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रंगाचा विचार कशाला? कारण त्या वेळच्या फिल्मचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नव्हता. तिला निळा रंग छान दिसायचा, पण लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे निळंभोर आकाश फिल्मवर पांढरं फटक यायचं आणि लाल वस्तू काळी पडायची. कपाळावरचं कुंकू काळं, विडा खाल्लेले ओठ काळे, उन्हाने तांबूस झालेला चेहरा मळकट. फिक्या निळ्या लुगड्यातली सवाष्ण पडद्यावर पांढऱ्या लुगड्यात दिसली तर त्या काळच्या प्रेक्षकाला ती विधवा वाटणार, म्हणजे गोष्टच बदलली! सगळे रंग बऱ्यापैकी ओळखणारी फिल्म सिनेमात रूढ झाली ती १९२० च्या दशकाच्या शेवटी. त्याआधी काम करणाऱ्या प्रत्येकाला रंग निवडताना मनात एक भाषांतर करावं लागे. हा रंग मला कसा दिसतो ते महत्त्वाचं नाही, कॅमेऱ्याला कसा दिसेल ते महत्त्वाचं. चित्रकार असलेल्या बाबूरावांना हे भाषांतर इतरांपेक्षा सोपं गेलं असेल, असं मला वाटतं. ते प्रसंगाची, पात्रांची आणि त्यांच्या वेशभूषेची रेखाचित्रं आधी काढत आणि मग कॅमेऱ्याकडे जात.

हे वाचल्यावर मी एक प्रयोग केला. सालदाराचे आम्ही सुचवलेले सगळे रंग त्याला लावून पाहिले आणि प्रत्येक चित्रातला रंग काढून टाकला. गंमत म्हणजे तो भडक केशरी रंग आणि पऱ्हाटीचा हिरवा रंग, दोन्ही सारखेच करडे निघाले. रंगीत चित्रात उठून दिसणारा रोबो करड्या चित्रात पिकात गडप! आणि पांढरा रोबो वेचणीला आलेल्या कापसात हरवला. रंग म्हणजे फक्त लाल-पिवळा-निळा नव्हे. त्याचा गडदपणा किंवा फिकेपणा डोळा आधी वाचतो. मूकपटवाल्यांना हे नाइलाजाने शिकावं लागलं. आपल्याला लाखो रंग फुकट मिळतात, म्हणून आपलं ते शिकायचं राहून जातं.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात कंपनीचा पहिला सिनेमा लागला, 'सैरंध्री'. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. याच कथेवरचं खाडिलकरांचं नाटक इंग्रज सरकारने १९१० साली बंद पाडलं होतं, त्यामुळे विषय आधीच तापलेला. त्यात बाबूरावांनी बायकांच्या भूमिका बायकांना दिल्या, जे त्या काळात सोपं नव्हतं. आणि भीम कीचकाला मारतो तो प्रसंग त्यांनी असा उभा केला, की बघणारे हादरून गेले. खरंच एखाद्या माणसाचा जीव घेतला की काय, अशी चर्चा झाली म्हणतात. शेवटी त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

जरा विचार करा. पडद्यावर रक्ताचा लाल रंग नाही, किंकाळीचा आवाज नाही. तरी लोक घाबरले. मग त्यांना घाबरवलं कशाने? माझं उत्तर असं, की त्यांनी बघितलेल्या शरीराला वजन होतं, भिंतीला जाडी होती, अंधाराला खोली होती. सगळं खरं वाटत असताना मरणही खरंच वाटणार.

त्यानंतर १९२३ साली 'सिंहगड' आला, तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट. गड चढायचा तो रात्री. दिवसा उन्हात शूटिंग करून रात्र कशी दाखवणार? बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले. आपल्याकडे सिनेमासाठी असा उजेड वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. या सिनेमाला एवढी गर्दी झाली की सरकारला करमणूक कर बसवायची कल्पना त्यावरूनच सुचली, असंही सांगितलं जातं. चांगलं काम केल्याची शिक्षा, दुसरं काय!

दिव्यांमुळे एक नवीन गोष्ट हातात आली. उजेड कुठून यावा हे आता सूर्य ठरवत नव्हता, कलावंत ठरवत होता. आणि उजेड तिरपा आला की वस्तूचा पोत बोलू लागतो. समोरून उजेड टाका, दगडाची भिंत आणि पुठ्ठ्याची भिंत सारखीच दिसते. बाजूने टाका, दगडाचा प्रत्येक खड्डा सावली धरतो आणि पुठ्ठा उघडा पडतो. आपल्या यवतमाळच्या दुर्गोत्सवात मूर्तिकारांचं काम कधी जवळून बघा. देवीच्या अंगाला ते मऊ, न चमकणारा रंग देतात आणि डोळ्यांवर शेवटी चमक आणतात. एवढ्याने माती जिवंत होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच रफनेस म्हणतात, शून्य म्हणजे आरसा आणि एक म्हणजे खडू. आकडा नवीन आहे, अक्कल जुनी आहे.

बाबूरावांना आणखी एक गोष्ट कळली होती. लोक थिएटरात यायच्या आधी त्यांचे डोळे जिंकायला हवेत. १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढल्या आणि स्वतःच्या हाताने सिनेमांची पोस्टर्स रंगवली. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज जपून राहिलेल्या सर्वात जुन्या भारतीय पोस्टर्समध्ये गणलं जातं. पडद्यावर जो रंग दाखवता येत नव्हता, तो त्यांनी रस्त्यावर दाखवला! हाच सिनेमा लंडनजवळच्या वेम्बलीच्या प्रदर्शनात गाजला आणि त्याला पदक मिळालं.

आणि मग आला १९२५ चा 'सावकारी पाश'. माझ्यासाठी बाबूरावांची गोष्ट खरी इथे सुरू होते. तोवर पडद्यावर देव होते, राक्षस होते, राजे होते. बाबूरावांनी एक साधा शेतकरी आणला. सावकाराच्या कर्जात अडकलेला, जमीन गमावलेला आणि शेवटी शहरातल्या गिरणीत मजुरीला गेलेला. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम. ज्यांनी तो सिनेमा पाहिला त्यांच्या आठवणीत राहिली ती एक अंधारातली भकास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारं कुत्रं. मूकपटातलं कुत्रं! आवाज नसताना लोकांना ते ऐकू आलं. झोपडीच्या भिंतीचा पोत, विझत आलेला उजेड आणि तो काळोख, यांनी आवाजाचं काम केलं.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्यांना हा विषय समजावून सांगायची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे. नापिकी, कर्ज, आणि नंतर पेपरमधली ती चार ओळींची बातमी, हे आपण लहानपणापासून बघत आलो. बाबूरावांनी हे दुःख शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर मांडलं आणि त्याला चकाकी दिली नाही. तेव्हा राजवाडे बांधणाऱ्या माणसाला सुंदर, नीटनेटकी झोपडी बांधणं काय अवघड होतं? पण ती झोपडी खोटी झाली असती.

या खरेपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या सिनेमांना सरावलेल्या प्रेक्षकांना एवढं कडू सत्य पचलं नाही. सिनेमा चालला नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले. आज मात्र भारतीय सिनेमातल्या वास्तवाची सुरुवात सांगताना अभ्यासक 'सावकारी पाश'चंच नाव आधी घेतात. ज्याला तिकीट मिळालं नाही, त्याला इतिहासात जागा मिळाली.

हे वाचून आम्ही सालदाराचा रंग ठरवला. म्हणजे खरं तर आम्ही रंग ठरवलाच नाही, आधी त्याचं आयुष्य ठरवलं. हा रोबो कुठल्या शोरूममध्ये उभा नाही. तो वावरात राबतो. त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत काळी माती, आणि ती सुकल्यावर पडलेल्या भेगा. सांधे वंगणाने काळे आणि चिकट, म्हणून तिथे थोडी चमक. टाकीला पाठीवरच्या पंपासारखा पिवळा रंग, पण उन्हाने फिका झालेला. झाकणाभोवती औषध सांडून पडलेले पांढुरके ओघळ. मॉडेलची कातडी सोलून सपाट पसरायची, संत्र्याच्या सालीसारखी, आणि त्या सालीवर हे सगळं हाताने रंगवायचं. तयार मिळणारा गंज आम्ही वापरला नाही, कारण तो सगळीकडे सारखा असतो. खरा गंज तिथेच चढतो जिथे पाणी साचतं. आणि सावली मात्र कुठेही रंगवायची नाही. ती उजेडावर सोडायची.

फक्त एका जागी आम्ही झगमगता रंग ठेवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. फिल्मच्या शेवटी घरातली आजी सालदाराच्या लोखंडी खांद्यांना तशीच हळद लावते. अख्ख्या फिल्ममध्ये तेवढा एकच रंग उजळ आहे. बाकी सगळं धुळीचं असल्यामुळे तो दिसतो.

आता बाबूरावांचं पुढचं आयुष्य. त्यांच्या कंपनीत एक पिढी तयार झाली होती. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर. १९२९ साली या मंडळींनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली, जी पुढे कोल्हापूरहून पुण्याला गेली. 'संत तुकाराम'सारखा सिनेमा याच शिष्यांनी दिला आणि तो थेट व्हेनिसपर्यंत पोहोचला. प्रभातच्या जागेवर आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. शिष्य गुरूच्या पुढे गेले. गुरूला काय वाटलं असेल? अभिमान वाटला असेल, आणि रिकाम्या स्टुडिओत उभं राहिल्यावर थोडं दुखलंही असेल. दोन्ही खरं असू शकतं.

१९३१ साली बोलपट आले. बाबूरावांना त्यांचं फारसं कौतुक वाटलं नाही. एवढ्या कष्टाने घडवलेली बघण्याची भाषा आता बोलण्याच्या गोंगाटात बुडेल, अशी त्यांना भीती होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढे त्यांनी १९३५ ला 'उषा' केला, १९३६ ला 'सावकारी पाश' पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून केला, १९३७ ला 'प्रतिभा' केला. एकदा पडलेला विषय अकरा वर्षांनी पुन्हा हातात घेतला, यावरून तो त्यांच्या मनात किती खोल रुतला होता ते कळतं. पण त्यांचं मन रमलं ते पुन्हा कुंचल्यात आणि मातीत. चित्रं आणि शिल्पं करत ते कोल्हापुरातच राहिले आणि १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं. कोल्हापुरात त्यांची आठवण म्हणून कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे.

त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या फिल्म्स आज शिल्लक नाहीत. तो पहिला 'सावकारी पाश' आपल्याला बघता येत नाही. ती झोपडी, तो काळोख, सगळं फक्त लोकांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आलं आहे. आपल्या फाइल्स पेनड्राइव्हवर, हार्ड डिस्कवर, क्लाउडवर तीन-तीन ठिकाणी सेव्ह असतात, तरी पुढच्या सेमिस्टरला आपणच त्या उघडत नाही. आणि एक भिंत अशी, की जिची फिल्म नाहीशी झाली तरी ती बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून गेली नाही.

लोकांनी बाबूरावांना कलामहर्षी म्हटलं, सिनेमा केसरी म्हटलं. त्यांनी कॅमेरा बनवला, कंपनी काढली, दिग्दर्शन केलं, शिल्पं घडवली. वाटलं असतं तर यातलं कुठलंही मोठं नाव त्यांना मिरवता आलं असतं. पण शेवटपर्यंत त्यांची ओळख राहिली ती पडदे रंगवणाऱ्या कारागिराचीच. बाबूराव पेंटर.